कट्ट्यावर पुस्तक सुचवताना

रविवारपासून तू वाचनकट्ट्यावर येणार, म्हणून सांगून ठेवते. ‘सध्या काय वाचताय?’ असं विचारलं की नवी मंडळी हमखास एखादं भारदस्त नाव पुढे करतात. तू तसं करू नकोस. हातात जे असेल तेच सांग, मग तो गेल्या वर्षीचा दिवाळी अंक का असेना. अर्धंच वाचून झालंय? तेही चालतं.

‘अप्रतिम आहे, नक्की वाचा’ एवढ्यावर कुणी पुस्तक हातात घेत नाही. ‘बनगरवाडी’ १९५५ ची आहे, एवढं कळून कुणाला काय मिळणार? त्यापेक्षा धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला निघालेला कोवळा मास्तर आणि त्याला तिथे भेटणारा म्हातारा कारभारी, यांच्याबद्दल सांग. लोक कान टवकारतात. शेवट मात्र पोटात ठेव.

सुचवण्याआधी माणूस बघ. वाचन सुटलेल्याला मी ‘रणांगण’ (१९३९) देते. छोटी कादंबरी, बरीचशी बोटीवर घडणारी, एका बैठकीत संपते. ‘कोसला’ (१९६३) सरसकट कुणाच्या गळ्यात मारू नकोस. तिच्या नायकाचं, पांडुरंग सांगवीकरचं, तिरकस बोलणं काहींना पहिल्या पानापासून भावतं, काहींना अजिबात झेपत नाही. (मी पहिल्या गटातली, हे कट्ट्यावर सगळ्यांना पाठ आहे.)

एखादं पुस्तक आवडलं नाही तर तेही बिनधास्त बोल, फक्त कुठे कंटाळा आला ते नेमकं सांग. आणि स्वतःची प्रत कुणाला दिलीस तर वहीत नाव-तारीख लिहून ठेव, नेणारा कितीही जवळचा असला तरी.