संकष्टी आणि अर्धशिशी

प्रश्न: संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहिले की अर्धं डोकं ठणकतं, उलट्या होतात, उजेड सोसत नाही. घरचे ‘पित्त’ म्हणतात. एरवीही दुखतंच, महिन्यातले निम्मे दिवस गोळी लागते.
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, लक्षणं अर्धशिशीची वाटतात, उलट्या तिच्यातही होतात. उपास, जागरण, पाळी ही तिची नेहमीची निमित्तं. व्रत मोडा असं म्हणत नाही (माझी आई ऐकली नसती), पण दुपारी राजगिरा-दही खा, पाणी प्या. खरी काळजी गोळ्यांची. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक घेतली, तर त्यांनीच डोकं दुखू लागतं. दुखण्याचे दिवस आणि गोळ्या कॅलेंडरवर नोंदवून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. अर्धशिशीचे झटके कमी करणारी औषधं आहेत. एकाएकी भयंकर दुखलं किंवा बोलणं अडखळलं, तर मात्र लगेच रुग्णालय गाठा.