विचारा की ओ! : नासा, इस्रो आणि आपली पोरं

मागच्या अंकात म्हटलं होतं की अवकाश विज्ञान, इस्रो, नासा यांच्याबद्दल पोरांना आणि सरांना काय विचारायचंय ते पाठवा. पत्रं भरपूर आली, त्यातली चार घेतोय. पहिलं घाईचं आहे म्हणून पहिलं.

प्रश्न : मुलगा सातवीत आहे, आम्ही जुळे सोलापुरात राहतो. कुठल्याशा ऑलिम्पियाडमधून त्याचं "नासासाठी सिलेक्शन" झालंय असं पत्र आलं. अडीच लाख भरायचेत, पहिला हप्ता शनिवारपर्यंत. मिस्टर म्हणतात असा चान्स परत येणार नाही. काय करू? – एक आई

ताई, शनिवारपर्यंत एक रुपया पण भरू नका. नासा सोलापुरातल्या सातवीच्या पोराला हप्ते मागून सिलेक्ट करत नसते. बहुतेक अशा ट्रिपमध्ये दाखवतात ते म्हणजे फ्लोरिडातलं केनेडी स्पेस सेंटरचं व्हिजिटर कॉम्प्लेक्स, आणि तिथं आपण विजापूरला गोलघुमट बघायला तिकीट काढून जातो तसं कुणीही तिकीट काढून जातंय, त्याला परीक्षा लागत नाही. नासाच्या स्वतःच्या इंटर्नशिप असतात, पण त्या अमेरिकन नागरिकांसाठी. पैसे असतील आणि फिरायला म्हणून पाठवायचं असेल तर खुशाल पाठवा, पोरगं रॉकेट बघून खूश होईल, पण ती सहल आहे हे घरात सगळ्यांना कळू द्या. कर्ज काढून तर नकोच. आणि त्या लोकांना फोन करून एवढंच विचारा की सिलेक्शन न झालेल्या पोरानं पैसे भरले तर नेता का. उत्तर ऐकून मिस्टरांनाच कळेल.

मुलगा खरंच हुशार असेल तर पुढची पत्रं वाचा, त्यातलं बरंचसं फुकट आहे.

प्रश्न : अक्कलकोट तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे. दुर्बीण नाही, निधी नाही, लॅपटॉप एकच आणि तो पण रडतखडत चालतो. पोरांना अवकाश शिकवायचं तर यूट्यूब दाखवण्यापलीकडं काय करता येईल? – एक शिक्षक

सर, तुमच्याकडं सूर्य आहे की ओ, आणि तो सोलापूरकरांना तर गरजेपेक्षा जास्तच मिळालाय. शून्य सावलीचा दिवस घ्या. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली गायब होते, हे आपल्याकडं वर्षातनं दोनदा होतं, सोलापूर शहरात मेच्या 10-11 तारखेला आणि परत 2 ऑगस्टच्या आसपास. मेमध्ये शाळेला सुट्टी, म्हणून बहुतेक शाळांची ही गंमत हुकते. ऑगस्टचा दिवस धरा, ढगांचा धोका आहे पण आपण पर्जन्यछायेतले लोक, पाऊस दगा देतो तो इथं तरी कामाला येऊ दे.

आता खरी मजा. ऑगस्टला सूर्य उत्तरेकडनं खाली सरकत असतो, म्हणजे करमाळ्यात सावली 30-31 जुलैलाच गायब होणार, मग सोलापूर, आणि तुमच्या अक्कलकोटला 3 ऑगस्टच्या सुमारास. करमाळ्याच्या एखाद्या शाळेशी फोन जोडून द्या, एकाच जिल्ह्यात तीन-चार दिवसांचा फरक बघून पोरं स्वतःच विचारतील की असं का, आणि पृथ्वी गोल आहे हे तुम्हाला फळ्यावर सांगायची गरजच राहणार नाही. वेळ मात्र बाराची धरू नका, साडेबाराच्या दोन-चार मिनिटं पुढं बघा. आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी अंश रेखांशावर, सोलापूर त्याच्या पश्चिमेला साडेसहा अंश, दर अंशाला 4 मिनिटं, वर ऑगस्टात सूर्य आणखी सहाएक मिनिटं लेट असतो. हे गणित सातवीतल्या पोरांना जमतं.

ढग आलेच तर हिवाळ्यात दुसरा डाव. नागपूरकडं कुणी बदली झालेला मित्र असेलच, झेडपीत कुणाचा नसतो! एकाच दिवशी दोन्हीकडं एक मीटरची काठी उभी करायची, दुपारी सावली सगळ्यात छोटी होईल तेव्हा मोजायची, कागदावर त्रिकोण काढून कोनमापकानं कोन बघायचा. दोन्ही कोनांत साडेतीन अंशांच्या आसपास फरक येईल आणि सोलापूर-नागपूर हे सरळ दक्षिणोत्तर अंतर साधारण 385 किमी आहे. 360 ला त्या फरकानं भागून 385 नं गुणा, पृथ्वीचा घेर 40 हजार किमीच्या जवळपास निघतो. इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तात हेच केलं होतं. उत्तर पाच-सहा हजारानं चुकलं तर रागावू नका, ते का चुकलं यावर एक तास आरामात जातो. एक सांभाळा, कुणी पण थेट सूर्याकडं बघायचं नाही, सगळ्यांची नजर सावलीवरच.

लॅपटॉप विंडोजवाला असेल तर लघुग्रह शोध मोहीम पण करा. अमेरिकेतल्या टेक्सासमधनं आयएएससी नावाची संस्था ती चालवते, फी नाही. हवाईच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीनं आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळानं काढलेले चार फोटो शाळेच्या टीमला मिळतात, ते ॲस्ट्रोमेट्रिका नावाच्या सॉफ्टवेअरात टाकून पुढं-मागं करायचे, तारे जागेवर राहतात आणि लघुग्रह सरकतो. सापडला तर लगेच "आमच्या शाळेनं ग्रह शोधला" असा बॅनर लावू नका, ती प्राथमिक नोंद असते, पक्की व्हायला वर्षं जातात. पण पोरांनी हाताळलेला डेटा खराखुरा असतो, ही गोष्ट मला कुठल्याही थर्माकोलच्या सूर्यमालेपेक्षा भारी वाटते.

तुमच्या स्वतःसाठी इस्रोच्या "अंतरिक्ष जिज्ञासा" पोर्टलवर फुकट ऑनलाइन कोर्स आहेत, इस्रोच्याच देहरादूनच्या आयआयआरएस संस्थेचे पण असतात. आणि पोरांना घेऊन एकदा केगावच्या विज्ञान केंद्रात या, आधी फोन करून.

प्रश्न : मी मोहोळ तालुक्यातल्या गावात आठवीत शिकते. इस्रोमध्ये राहून शिकायला मिळतं असं ऐकलं, ते खरं आहे का? माझा भाऊ दहावीत आहे, त्याला पण जाता येईल का? – एक विद्यार्थिनी

खरं आहे बाळा. त्याचं नाव युविका, 2019 ला सुरू झालं. नववीच्या मुलामुलींना उन्हाळ्यात दोनेक आठवडे इस्रोच्या केंद्रात ठेवून शिकवतात, येण्याजाण्याचा, राहण्याचा, जेवणाचा खर्च इस्रोचा. फॉर्म साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, आणि त्या वर्षी 1 जानेवारीला तू नववीत असायला पाहिजेस, म्हणजे तुझा नंबर पुढच्या वर्षी. पण तयारी आत्ताच, कारण निवडीत सगळ्यात मोठा वाटा आठवीच्या मार्कांचा असतो, निम्मा. बाकी ऑनलाइन क्विझ, विज्ञान प्रदर्शन, ऑलिम्पियाड, खेळ, स्काउट-गाइड. आणि पंचायत हद्दीतल्या शाळेला 15 टक्के वेगळे धरतात, ते तुझ्या बाजूनं आहेत! या वर्षी विज्ञान प्रदर्शनात भाग घे आणि सर्टिफिकेट सांभाळून ठेव, फॉर्मच्या वेळी तेच सापडत नाही आणि घरात शोधाशोध होते.

भावाचा युविकाचा नंबर गेला. त्याला ऑलिम्पियाडकडं वळव. भौतिकशास्त्र शिक्षकांची आयएपीटी ही संघटना नोव्हेंबरच्या शेवटी परीक्षा घेते, दहावीपर्यंतच्यांसाठी ज्युनिअर सायन्सची आणि अकरावी-बारावीत गेल्यावर खगोलशास्त्राची पण. फी काही शेकड्यांत, पुढचे टप्पे मुंबईचं होमी भाभा केंद्र बघतं. अवघड असते, आधीच सांगतो, पाठांतरावर निघत नाही. 2025 ची आंतरराष्ट्रीय खगोल ऑलिम्पियाड मुंबईतच झाली होती, त्याच्या प्रश्नपत्रिका नेटवर बघायला सांग.

प्रश्न : रॉकेट उडताना प्रत्यक्ष बघता येतं का? रिटायर झालोय, नातवाला न्यायचंय. – एक आजोबा, बाळीवेस

येतं की. श्रीहरिकोट्याला 2019 पासून लोकांसाठी गॅलरी आहे, पाचेक हजार माणसं बसतात, उड्डाणाच्या आधी इस्रोच्या साइटवर नोंदणी उघडते आणि झटक्यात भरते, त्यामुळं मोबाईल नातवाच्याच हातात द्या. पैसे लागत नाहीत. सोलापूरहून चेन्नईची गाडी, तिथनं लोकल गाडीनं सुलूरपेट, म्हणजे श्रीहरिकोट्याजवळचं स्टेशन. परतीचं तिकीट मात्र दोन दिवस मोकळे सोडून काढा, हवा बिघडली किंवा काही अडलं तर उड्डाण पुढं ढकलतात, आणि तेव्हा चेन्नईत एखादा दिवस काढायची तयारी पाहिजे. दोघांची ओरिजिनल आधार कार्डं बरोबर घ्या.