वाचकांचे प्रश्न : मायणीच्या पाण्यापासून कोयनेच्या रानापर्यंत

हिवाळी पक्षी निरीक्षण सहलींबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरे सातारा-सांगलीच्या पट्ट्यापुरती आहेत.

प्रश्न : आम्ही दहा-बारा जण जानेवारीत दोन मुक्कामांची सहल काढतोय. मायणी, येरळवाडी, सागरेश्वर, कास, ठोसेघर, महाबळेश्वर आणि कोयना, सगळे बसवून देतो असे मार्गदर्शक म्हणतात. जमेल का? (विटा)

उत्तर : जमेल, पण पक्ष्यांपेक्षा गाडीची खिडकीच जास्त दिसेल. हिवाळ्यात पक्षी सर्वांत हलते असतात ते उजाडल्यापासून साधारण तीन तास आणि मावळतीआधीचे दीड-दोन तास. जानेवारीच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे दोन मुक्कामांत तुमच्या हाती कामाच्या दोन, फार तर तीन सकाळी येतात. एका सकाळी एकच अधिवास, हा नियम धरा आणि यादीतली चार नावे खोडा.

आपल्या भागाचे वैभव वेगळेच आहे. महाबळेश्वर-नवजाकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण-खटावात पाचशेच्या आसपास. जेमतेम शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात सदाहरित रान, सडे (कातळाची पठारे), शेती, पानगळीचे रान, माळ आणि पाणथळ असे सगळे येते. म्हणून ठिकाणे मोजण्यापेक्षा एकमेकांपासून शक्य तितके वेगळे अधिवास निवडा. आमचा सल्ला : पहिली सकाळ येरळवाडी किंवा मायणीचे पाणी, त्याच संध्याकाळी खटावचा माळ, आणि दुसऱ्या मुक्कामाला कोयनानगर.

हा क्रमही मुद्दाम असा आहे. पाण्यावरचे पक्षी मोठे, उघड्यावर आणि बराच वेळ एका जागी असतात. नवशिक्याला दुर्बीण डोळ्याला लावणे, फोकस करणे, चोच आणि पाय बघून ओळखणे, हे सगळे तिथे शिकता येते. चक्रवाक, थापट्या, शेकाट्या, चमचा, चित्रबलाक यांच्यावर हात बसला की मगच रानात जावे. पहिल्याच सकाळी कोयनेच्या अंधाऱ्या झाडीत नेलेला माणूस कंटाळतो आणि पुन्हा येत नाही.

पाण्याची पातळी आधी विचारून घ्या. लोकांना वाटते तलाव तुडुंब म्हणजे पक्षी भरपूर. उलट आहे. रोहित, चमचा, शेकाट्या, तुतारी यांना उथळ पाणी आणि चिखलाचा काठ लागतो. पाणी काठाला भिडले की त्यांना पाय टेकायला जागा उरत नाही आणि ते दुसरा तलाव गाठतात. दुष्काळी वर्षी मायणी आटते, तेव्हा येरळवाडी किंवा सूर्याचीवाडी बघावी लागते. तिन्ही ठिकाणे खटाव तालुक्यातच आहेत, त्यामुळे आदल्या दिवशी तिथल्या कुणाला तरी फोन करून मगच सकाळचा तलाव ठरवा.

काठावर जाताना सूर्य पाठीशी येईल अशी बाजू धरा. सकाळी पूर्वेच्या बांधावर, सूर्याकडे पाठ करून उभे राहावे. पश्चिम काठावरून सगळी बदके काळ्या सावल्या दिसतात. दहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरू लागते, तेव्हा टेलिस्कोप कितीही महागाचा असला तरी चित्र हलते. ती वेळ न्याहारीची. पट्टकादंब रात्री आणि पहाटे शेतात चरून दिवसा पाण्यावर विसाव्याला येतात. त्यांना काठावरून उठवू नका. एकदा उडालेला थवा बराच वेळ परत टेकत नाही आणि त्याची साठवलेली ताकद वाया जाते.

एका मार्गदर्शकामागे सहा ते आठ माणसे ठीक. बारा असतील तर दोन मार्गदर्शक घ्या. तलावाच्या बांधावर बाराजण खपून जातात, रानातल्या पायवाटेवर शेवटच्या चौघांना पुढच्यांच्या पाठीच दिसतात.

प्रश्न : दुर्बीण आठपट घ्यावी की दहापट? माझ्याकडे आत्ता आहे तिच्यात दोन प्रतिमा दिसतात आणि डोके दुखते. (सांगली)

उत्तर : एकच घ्यायची तर ८×४२. पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते. ८×४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर, १०×४२ मध्ये ४.२, आणि खिशात मावणाऱ्या ८×२५ मध्ये जेमतेम तीन. कोयनेच्या रानात सकाळी आठलाही झाडाखाली संधिप्रकाश असतो, तिथे हा फरक लगेच जाणवतो. दहापट दुर्बिणीत हाताची थरथरही वाढून दिसते आणि दिसणारा परीघ लहान होतो, त्यामुळे हलता पक्षी सापडत नाही. फक्त माळ आणि पाणी बघायचे असेल तर दहापट चालेल.

आता दोन प्रतिमांबद्दल. बहुतेक वेळा दोष जुळवणीचा असतो. चष्मा लावत असाल तर डोळ्याकडची रबरी कडी पूर्ण खाली करा, नसाल तर वर. मग दोन्ही नळ्या बिजागरीवर जवळ-लांब करत दोन वर्तुळांचे एक वर्तुळ होईपर्यंत आणा. वीस-तीस मीटरवरची एखादी स्पष्ट अक्षरांची पाटी निवडा. उजव्या नळीचे पुढचे भिंग हाताने झाका आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला पाटी स्वच्छ करा. नंतर डावी नळी झाका. आता मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याकडची छोटी कडी फिरवून पाटी स्वच्छ करा. कडी कुठल्या खुणेवर आली ते लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधले चाक फिरवायचे. मुलांनी हाताळली की ही कडी हलते, आणि मग माणूस दिवसभर चाक फिरवत बसतो.

एवढे करूनही दोन प्रतिमा राहिल्या तर दुर्बीण कधीतरी पडून आतले लोलक (प्रकाश वळवणाऱ्या काचा) सरकले आहेत. दुर्बीण घरी उघडू नका.

प्रश्न : कोयनेला मार्गदर्शकासोबत गेलो. आवाज खूप ऐकले, पण पाऊण तासात एकही पक्षी दिसला नाही. मग अचानक एका झाडावर इतके आले की एकही नीट बघता आला नाही. असे का होते? (इस्लामपूर)

उत्तर : तुम्ही पाहिलात तो मिश्र थवा. सदाहरित रानात हिवाळ्यात वेगवेगळ्या जातींचे कीटकभक्षी पक्षी एकत्र फिरतात. भृंगराज, निखार, मखमली शिलींध्री, फुलवेटा, सुतार, माशीमार असे एकामागून एक येतात. फुलवेटा आणि निखार पानांतले किडे हलवतात, उडालेले किडे भृंगराज हवेत टिपतो, शिलींध्री खोडाच्या भेगा धुंडाळतो. अनेक डोळे असल्याने झडप घालणारा शिकरा लवकर दिसतो, आणि भृंगराजाची धोक्याची हाक सगळ्यांना उपयोगी पडते. थव्यांच्या मधल्या वेळात रान रिकामे वाटते.

म्हणून रानात चालण्यापेक्षा थांबणे जास्त फळते. वाट जिथे वळते, वर आभाळाची फट असते आणि ऊन पडलेले असते, तिथे वीस-पंचवीस मिनिटे उभे राहा. सकाळी कोवळे ऊन आधी झाडांच्या शेंड्यांवर पडते, कीटक तिथे हलतात, त्यामुळे पहिला तासभर नजर वर. ऊन खाली उतरले की पक्षीही खाली उतरतात.

थवा आला की सगळे बघायचा मोह आवरा. एक पक्षी निवडा, तो ओळखा, मग दुसरा. दुर्बीण उचलताना नजर पक्ष्यावरून काढू नका. आधी डोळ्यांनी धरायचा आणि नजर तशीच ठेवून दुर्बीण मध्ये आणायची. सोबत्याला दाखवताना ‘तो बघ तिकडे’ म्हणून बोट नाचवू नका. झाडाला घड्याळाची तबकडी समजा : ‘पांढऱ्या खोडाचे झाड, दोन वाजताची फांदी, टोकापासून हातभर आत.’ बहुतेक गटांत पक्षी हुकतो तो नीट सांगता न आल्यामुळे.

दुसरा उपाय, झाड शोधा. पिकलेला उंबर, नांद्रुक किंवा वड सापडला तर तिथेच सकाळ काढा. मलबारी राखी धनेश, कुटुरगे, आपला राज्यपक्षी हरियाल आणि शेकरूही तिथेच येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा आणि काटेसावर फुलली की शिंजीर, मैना, हळद्या, कोतवाल मधासाठी रांग लावतात. चांगला मार्गदर्शक आठवडाभर आधी कुठला उंबर पिकतोय ते बघून ठेवतो. पैसे ठरवण्याआधी त्याला नेमके हेच विचारा.

कर्णा हा रानातला पक्षी मात्र वेगळा. तो मधल्या उंचीच्या फांदीवर ताठ, हलत नाही, आणि अनेकदा पाठ करून बसतो. नराचे लाल पोट त्यामुळे दिसत नाही. हळू, घोगरी, ठरावीक अंतराने येणारी हाक ऐकू आली तर जिथे आहात तिथेच थांबून फांदीफांदी तपासा.

कुंभार्ली घाटात रस्त्याकडेला थांबून पक्षी बघायचा मोह होतो. वळणावर अवजड गाड्या येतात, तिथे थांबू नका.

प्रश्न : मार्गदर्शक मोबाइलवर आवाज लावून पक्षी बोलावतात. हे बरोबर का? (सातारा)

उत्तर : नाही. नराला वाटते हद्दीत दुसरा नर घुसला. तो खाणे, कधी घरटेही सोडून भांडायला येतो आणि समोर कुणीच नसते. एकाच वाटेवर रोज वेगवेगळे गट हेच करतात तेव्हा ती जोडी जागा सोडू शकते. अभयारण्यात वन्यप्राण्यांना त्रास देणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. घरट्याचे फोटो काढायला फांद्या बाजूला करणे त्याहून वाईट. उघड्या पडलेल्या घरट्यावर कावळा येतो, पिले उन्हात मरतात. सहल ठरवतानाच ‘आवाज लावणार नाही’ हे कबूल करून घ्या.

प्रश्न : आमच्या भागात नुसता माळ आहे. तिथे बघण्यासारखे काय? (जत)

उत्तर : खूप. युरोप आणि मध्य आशियातून येणारे भोवत्या ससाणे हिवाळा अशाच माळांवर काढतात. दिवसभर गवतावरून खाली-खाली तरंगत टोळ, नाकतोडे, उंदीर, सरडे शोधतात आणि मावळतीला जमिनीवरच गवतात एकत्र मुक्कामाला उतरतात. राखी नरांच्या दोन जाती पंखांवरून वेगळ्या काढता येतात. माँटेग्यूच्या भोवत्याच्या पंखावर वरून एक काळी आडवी पट्टी असते. पांढुरक्या भोवत्याला ती नसते, त्याच्या पंखाच्या टोकाला फक्त अरुंद काळी पाचर दिसते. तपकिरी माद्या आणि पिले यांची खात्री नसेल तर वहीत ‘भोवत्या, मादी’ एवढेच लिहा. चुकीच्या नावापेक्षा अर्धी नोंद चांगली.

शिवाय धाविक, माळटिटवी, पखुर्डी, डोंबारी, चंडोल, मोठा खाटीक, सापमार गरुड. धाविकाला आखूड, चरलेले गवत लागते, तर भोवत्याला मुक्कामासाठी उंच गवत. माळावर दोन्ही हवे, म्हणजे मेंढरे फिरती हवीत. पखुर्डी सकाळी ठरलेल्या वेळी ठरलेल्या पाण्यावर येते. त्या डबक्यापासून लांब, गाडीतच बसून बघा. माळावर गाडी ही उत्तम लपण आहे, दार उघडले की पक्षी उडतो. भोवत्यांच्या मुक्कामापासून किमान शंभर-दीडशे मीटर दूर राहा आणि अंधारात टॉर्च मारू नका.

‘नुसता माळ’ हा शब्द मात्र आम्हाला बोचतो. सरकारी कागदावर माळ पडीक ठरतो, मग तिथे खड्डे काढून ओळीने गिरिपुष्प लावतात आणि वृक्षारोपणाचा फोटो निघतो. जमिनीवर अंडी घालणाऱ्या धाविकाला आणि चंडोलाला त्या झाडांचा उपयोग नाही. उलट झाडावर कावळा बसतो आणि खालची अंडी उचलतो. गवताला वणवा लावणे हे दुसरे संकट. तुमच्या गावचा माळ राखायचा असेल तर तिथल्या पक्ष्यांची तारखेसह नोंद ठेवा. ग्रामसभेत ती वही कामाला येते.

प्रश्न : कोयना-चांदोलीच्या वाटेवर मुक्काम नाही जमला तर सागरेश्वर चालेल का? (पलूस)

उत्तर : जरूर. १०.८७ चौरस किलोमीटरचे, उघड्या डोंगरावर लोकांनी उभे केलेले हे रान वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकारातून झाले. पानगळीचे असल्याने फेब्रुवारीत पाने झडतात आणि पक्षी सहज दिसतात. मोर, तित्तर, स्वर्गीय नर्तक, सुतार आणि वेडे राघू तिथे बघा. परतताना भिलवडीकडे कृष्णाकाठी कवड्या खंड्या आणि नदी सुरय शोधायला हरकत नाही, पण पाण्याच्या कडेला उतरू नका. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत. वरच्या बांधावरूनच बघा.

प्रश्न : पावसाळ्यात सहल काढावी का? (वाई)

उत्तर : चांदोली आणि वासोट्याची वाट पावसाळ्यात बंद असते, उघडण्याची तारीख त्या वर्षी वनविभागाकडून घ्यावी. जून-जुलैत गावाजवळचीच झाडी बरी. मेअखेर-जूनमध्ये नवरंगाची दोन सुरांची शीळ पहाटे आणि संध्याकाळी ऐकू येते, ओढ्याकाठी कस्तुर गातो, पावसाबरोबर चातक येतो. लांब हाताचा सदरा, मोजे पँटवर ओढलेले, आणि मोज्यांना तंबाखूचे पाणी किंवा मीठ लावले की जळवा कमी चढतात.

घरी आल्यावर ओली दुर्बीण पिशवीत बंद करू नका, आतल्या भिंगावर बुरशी धरते आणि ती पुसून निघत नाही. मऊ सुती कापडाने बाहेरून टिपा, पंख्याखाली रात्रभर ठेवा, मग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्यांतले दाणे रंग बदलणारे असतील तर रंग बदलताच मंद आचेवर तव्यात सुकवून पुन्हा वापरता येतात. सुकवताना खिडकी उघडी ठेवा आणि तो तवा स्वयंपाकाला वापरू नका.