अमेरिकन कंट्री गायक जॉनी हॉर्टनची कारकीर्द कशी होती? इतिहासावरची गाणी ही निव्वळ धंद्याची युक्ती होती का?

युक्ती? अहो, ‘द बॅटल ऑफ न्यू ऑर्लिन्स’ हे गाणं मुळात हॉर्टनचं नाहीच. आर्कान्सातल्या जिमी ड्रिफ्टवुड नावाच्या मास्तरांनी वर्गातल्या पोरांना इतिहास कळावा म्हणून जुन्या फिडलच्या चालीवर ते रचलं. हॉर्टनने १९५९ मध्ये गायलं आणि ते अमेरिकेत सहा आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं.

मला हे लागतं, कारण मीही मास्तरच. चौथीला शिवाजी महाराज शिकवायचो. टेबलाचा डफ करून सिंहगडाचा पोवाडा म्हणायचो, पोरं ‘जी जी रं जी’ धरायची. तारखेची ओळ माझ्या पदरची. एकदा मुख्याध्यापक दारात येऊन उभे. म्हणाले, “गुरुजी, वर्ग आहे की फड?” लॉगबुकात शेरा पडला, ‘पाठ करमणूकप्रधान’. सहामाहीला ४ फेब्रुवारी १६७० एकाही पोराने चुकवली नाही. त्याचा शेरा कुठेच नाही. वर माझ्या निरोप समारंभातही गाण्याने इतिहास बिघडतो, हे त्यांनी माइकवरून ऐकवलंच.

तर हॉर्टन. ‘लुइझियाना हेराइड’ या रेडिओ कार्यक्रमात बरीच वर्षं गायला. मासेमारीचा नाद, म्हणून ‘सिंगिंग फिशरमन’. १९५६ चं ‘हाँकी टाँक मॅन’ चाललं, त्यात इतिहास वगैरे काही नाही. न्यू ऑर्लिन्सनंतर मात्र ‘सिंक द बिस्मार्क’, ‘नॉर्थ टू अलास्का’ अशी रांग लागली. म्हणजे एकदा खपलं म्हणून पुन्हा तसंच काढलं, हा तुमचा संशय अगदीच खोटा नाही. ५ नोव्हेंबर १९६० ला टेक्सासमध्ये मोटार अपघातात गेला. वय ३५. बायको बिली जीन, हँक विल्यम्स या गायकाची विधवा. दुसऱ्यांदा तेच नशिबी.

आता एक कबूल करतो. गाणं १८१४ म्हणून सुरू होतं, पण अमेरिकन आणि इंग्रज यांच्यातली ती मुख्य लढाई ८ जानेवारी १८१५ ची. ते युद्ध मिटवणाऱ्या गेंटच्या तहावर सह्या त्याआधीच, २४ डिसेंबरला झालेल्या. शिवाय तोफ वितळली म्हणून मगरीच्या तोंडात गोळे भरून तिचीच तोफ केली, असंही त्यात आहे. आपली यशवंती घोरपड, त्यांची मगर. तेवढ्यापुरतं मुख्याध्यापकांचं बरोबर होतं.

पण घोरपडीवर माणूस चढत नाही, हेही मी पोरांना त्याच तासाला सांगायचो. तेव्हा ते दारात नसायचे.