राखी खाटीक ओळखताना

राखी खाटीक हा पक्षी ओळखायचा तर आधी पाठ पाहा. पूर्ण राखाडी असेल, डोळ्यावरची काळी पट्टी कपाळावरूनही गेली असेल आणि लांबी साधारण 25 सेंटीमीटर असेल, तर तो राखी खाटीक. पाठ तपकिरी दिसली की तो छोटा खाटीक किंवा दुसरा एखादा खाटीक, राखी नव्हे. नवखे इथंच फसतात. (पिल्लांचा रंग मळकट असतो, त्यावरून ठरवू नका.)

दाट जंगलात शोधू नका. पराटीच्या (कपाशीच्या) वावराचा धुरा (बांध), पडीक, बोरी-बाभळीचा शेंडा बघा. काट्याला टोचलेला नाकतोडा किंवा सरडा दिसला तर आसपास खाटीक आहेच. 2023 च्या भारतीय पक्ष्यांच्या अहवालात राखी खाटकाची मोठी घट नोंदली आहे. धुऱ्यावरची काटेरी झुडपं जाळली की बसायची जागा आणि घरटं दोन्ही जातं. फवारणीनं किडे संपतात. मार्च-एप्रिलमध्ये घरट्याजवळ थांबूच नका.