राष्ट्रीय उद्यानाची प्रवेश फी दरवर्षी का बदलते? हे पर्यटन धोरण आहे की लूट?

'लूट' हा शब्द वाचला म्हणून लिहायला बसलो, नाहीतर मी इथं फक्त मोटारसायकलच्या ॲव्हरेजचे प्रश्न वाचत असतो.

तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरहून चौघं गेला, मित्रानं पाठवलेल्या गेल्या वर्षीच्या पावतीच्या फोटोवरून हिशेब धरला आणि गेटवर माणशी वेगळे, गाडीचे वेगळे, कॅमेऱ्याचे वेगळे, गाईडचे वेगळे असं करत खिसा रिकामा झाला. आणि शेवटी एक वाक्य टाकलंय: "त्यातलं गेटवरची पोरं किती खातात देव जाणे."

त्या गेटवरच्या पोरांतला मी एक. दोन हंगाम पावत्या फाडल्यात. गेट सह्याद्रीतलं होतं एवढंच सांगतो. नाव लिहीत नाही, तिथं अजून ओळखीची माणसं रोजंदारीवर आहेत.

आधी एक दुरुस्ती. तुम्ही प्रश्नात 'दाजीपूर नॅशनल पार्क' लिहिलंय. दाजीपूर हे अभयारण्य आहे. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं, राज्यातलं पहिलं. १९८५ ला हद्द वाढवून ते राधानगरी अभयारण्य झालं, आता ३५१ चौरस किलोमीटर आहे. राष्ट्रीय उद्यान म्हणजे चांदोली, ते २००४ चं. चांदोली आणि कोयना मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. हा फरक नुसता पाटीवरचा नाही. अभयारण्यात काही हक्क, गुरं चारणं वगैरे, परवानगीनं शिल्लक राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात जनावर चारायला नेणं सरळ बंद. आणि व्याघ्र प्रकल्प झाला की गेटवरचा पैसा कुठं जातो तेही बदलतं. वन्यजीव कायद्यातल्या २००६ च्या दुरुस्तीनंतर व्याघ्र प्रकल्पांना स्वतःचं प्रतिष्ठान काढता येतं आणि प्रवेशाची फी त्या प्रतिष्ठानाकडं राहते. त्यामुळं दोन जंगलं शेजारी असली, झाडं तीच असली तरी दर एकच असेल असं धरून चालू नका.

दर बदलायचं दुसरं कारण २०१२ चं. जुलैत सुप्रीम कोर्टानं व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातलं, म्हणजे आतल्या कोअर भागातलं, पर्यटन तात्पुरतं बंद केलं, ऑक्टोबरमध्ये ते उठवलं, पण मार्गदर्शक सूचना घालून. गाभ्याचा जास्तीत जास्त वीस टक्के भाग पर्यटकांना खुला, गाड्या मोजून. गाड्या मोजक्या आणि गिऱ्हाईक रग्गड, म्हटल्यावर दर वर जाणारच. ताडोब्यात शनिवार-रविवारचा दर वेगळा असतो तो यामुळंच. हे सगळं मला पटतं. पटत नाही ते एवढंच की ताडोब्याचं गणित आमच्या सह्याद्रीला लावतात. तिथं उघड्या रानात वाघ रस्त्यावर बसतो. इथं कारवीच्या झुडपांत दहा फुटांवर गवा उभा असला तरी दिसत नाही. आणि गवा बघायला हल्ली जंगलात जावंच लागतं असं कुठंय, उसात येतोय की.

आता खाण्याचं. बारा-तेरा वर्षं झाली याला. दिवाळी होऊन हंगाम सुरू झाला होता. गावच्या वन समितीतर्फे मी गेटवर होतो. एक दिवस दुपारी वरून कागद आला की उद्यापासून माणशी तीस. त्याआधी मोठ्यांना वीस, मुलांना दहा होते, मुलांचे दहाच राहिले. फलक आम्हीच रंगवला, दोनाचा तीन करायला कितीसा रंग लागतो. पण पावतीबुकं जुनीच. त्यावर रक्कम छापलेली, वीस आणि दहा. नवी बुकं छापायला टाकलीत, येतील, असं कळलं. छापलेल्या रकमेवर पेनानं खाडाखोड करायची नाही, तो तर गुन्हाच. शिक्का मागितला, तोही येणार होता.

आमच्या गार्डमामांनी तोडगा काढला. "वीस आन् धा, तीस. हाय काय आन् न्हाय काय." एका मोठ्या माणसाला एक मोठ्याची पावती आणि एक मुलाची. हिशेब रुपयाला रुपया जुळतो. खाली कार्बन, मागं स्थळप्रत, संध्याकाळी टोटल, शनिवारी भरणा. तीन आठवडे असं चाललं.

पहिल्याच रविवारी पांढरी गाडी आली, आत चौघं. मागच्या सीटवर फडक्यात बांधलेलं पातेलं, काच खाली केली तसा तांबड्या रश्श्याचा वास थेट माझ्या टेबलावर. मी चार मोठ्यांच्या आणि चार मुलांच्या पावत्या फाडून दिल्या.

"ओ, आम्ही चौघं. ह्या आठ पावत्या कसल्या?"

"साहेब, दर वाढलाय, बुकं जुनी आहेत. वीस आणि दहा मिळून तीस."

"आमच्यात पोरं कुठं दिसली तुम्हाला?"

"पोरं नाहीत साहेब, ते दहा रुपये आहेत."

आता हे वाक्य कागदावर वाचलं की मलाही हसू येतं. तेव्हा नाही आलं. मागं पाच गाड्यांची रांग. चौघांतल्या एकानं मोबाईल काढला आणि शूटिंग सुरू. आठ पावत्या बॉनेटवर पसरल्या, गाडीतली माणसं मोजून दाखवली, मग मोबाईल माझ्याकडं वळवला. मी तोंड फिरवलं म्हणून चेहरा आला नाही. पावतीबुकावरचा हात तेवढा आला. खाली आवाज: "बघा मित्रांनो, नसलेल्या पोरांच्या नावानं कसे पैसे खातात." पैसे मात्र एकशेवीसच दिले होते, जे चौघांचे होतातच. ते शूटिंगमध्ये कुणी सांगितलं नाही.

आठ दिवसांनी तो व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर आला. टाकणारे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. खाली लिहिलेलं, "असल्यांना रंगेहाथ धरलं पाहिजे." आईनं माझ्या बोटातली तांब्याची अंगठी ओळखली. तिचा फोन आला तेव्हा ती रडत होती, मला आधी वाटलं घरात कुणी गेलं.

दाजींना कळल्यावर ते हसले. म्हणाले, "अरं तूच व्हय तो! मग, कायतरी सुटलं का न्हाई?" तेव्हापासून प्रत्येक बारशाला, जत्रेला, गणपतीला हा विनोद होतो. पंगतीत वाढायला गेलो तर "ह्याला मोजायला लावू नका, चार जेवली तर आठ सांगतंय." जावयाला उलटं बोलायचं नाही हा आमच्या घरचा कायदा वन्यजीव कायद्यापेक्षा कडक आहे, म्हणून मी खाली बघून भात वाढतो.

याच्यापुढची गोष्ट कुणीच विचारत नाही. नोंदवहीत आम्ही पावतीप्रमाणं आकडे चढवत होतो. म्हणजे जितकी मोठी माणसं, तितकीच वर मुलं. त्या महिन्यात आमच्या गेटवर कागदोपत्री जेवढी पोरं आली तेवढी आसपासच्या शाळांच्या पटावर नसतील. हे आकडे वर गेले, वरून आणखी वर गेले. पुढच्या हंगामात गेटजवळ घसरगुंडी बसली, बालपर्यटकांसाठी. त्या आकड्यांमुळंच बसली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळा माकडं बघितलीत.

म्हणून धोरण म्हटलं की मला ती घसरगुंडी आठवते. दर काय ठेवायचा याचा विचार वर कुणीतरी शहाण्या माणसानं केलेलाच असतो, तीस रुपये काही पाप नव्हतं. पण दर लागू व्हायच्या आदल्या दुपारी कागद, पावतीबुक तीन आठवड्यांनी आणि शिवी खायला रोजंदारीचं पोरगं, ही खरी तऱ्हा. मी आता कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वर्कशॉपचं बिलिंग बघतो. तिथं दर बदलायचा तर आधी बिलबुक छापून येतं, मग पार्टीला पत्र जातं, मग दर बदलतो. एवढी साधी गोष्ट.

फी जास्त की कमी, यावर दाजींचंही मत आहे. त्यांचं म्हणणं, "सरळ हजार करा माणशी, म्हणजे रिकामटेकडी येणार न्हाईत." इथंही तुमच्या प्रश्नाखाली दोघांनी तेच लिहिलंय. दोन हंगाम गेटवर बसलेल्या माणसाचं ऐका. पातेलंवाले हजारही देतील. हजार दिले की माणूस गिऱ्हाईक होतो, मग तो विचारतो, "हजार घेतले, गवा कुठाय?" गाईडवर ओरडतो, गाडी अजून आत घ्यायला लावतो, रस्त्यावर हॉर्न वाजवतो. हजारानं जो थांबतो तो एसटीनं आलेला, दुर्बीण उसनी आणलेला कॉलेजचा पोरगा. तो सकाळी सहाला गेटवर हजर असायचा आणि आमच्याच चहाला पैसे द्यायला बघायचा.

जंगलाला त्रास माणसांच्या संख्येचा होत नाही, गाडीचा होतो. राधानगरीकडं मे महिन्याच्या शेवटी काजवे बघायला जाऊन बघा. झाड अख्खं लुकलुकत असतं, एका तालात पेटतं आणि विझतं, आणि तेवढ्यात वळणावरून कुणीतरी हेडलाईट मारत येतो. झाड गप्प. काजव्याच्या नराचा उजेड म्हणजे मादीला हाक असते, ती त्या हेडलाईटमध्ये बुडते. तिथं माणशी किती घेतले यानं काय फरक पडतो? गाडीवर घ्या, जबरी घ्या, मोठ्या गाडीवर आणखी घ्या, दिवे आणि गाणी लावली तर परत पाठवा. पायी आणि एसटीनं येणाऱ्याला वीस रुपये ठेवा. माझं मत हे, आणि ते मी त्या वेळीही गेटवर बसून बोलत होतो, ऐकायला फक्त मामा होते.

तुमच्या उपयोगाचं थोडं लिहितो. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून दर विचारा, मित्राच्या पावतीचा फोटो विसरा. पावसाळ्यात ही जंगलं पर्यटकांना बंद असतात, साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, उगाच फोंडा घाटापर्यंत जाऊन परत येऊ नका. गाईडचे पैसे वेगळे लागतात म्हणून तोंड वाकडं करू नका, तो गावातला असतो आणि गव्याचा फुरफुरण्याचा आवाज तुमच्या आधी त्याला कळतो. दाजीपूरला जाणार असाल तर नुसता वाघ-गवा करू नका. सावराईच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, जरा बसा, शिवगडावरून खाली कोकण दिसतं ते बघा. पावती मात्र घ्याच. ती नीट वाचा. एकूण रक्कम बघा, पावत्यांची संख्या बघू नका. चौघांच्या आठ पावत्या मिळाल्या तर बेरीज करा आणि मग मोबाईल काढा. आणि काढलाच, तर पोराचं ऐकून घेऊन त्याचं वाक्यही त्यात ठेवा. दाजी, हे तुम्हालाही लागू आहे. तुम्ही इथं वाचता हे मला ताईकडून कळलंय.

दोन गोष्टी राहिल्या. मी गाडीवर फी वाढवा म्हणतोय, पण दुसऱ्या हंगामात एका झेडपी शाळेचे मास्तर पोरांना दोन वडाप गाड्यांतून घेऊन आले होते आणि गाड्यांची फी ऐकून, खिशातले पैसे दोनदा मोजून, पोरांना धरण दाखवायला घेऊन गेले. तेव्हा माझ्याकडं खरी पोरं आली होती आणि ती परत गेली. तर शाळेच्या गाड्या सोडून, असं वाचा. दुसरं, माझा अनुभव जुना आहे. हल्ली पुष्कळ ठिकाणी ऑनलाईन बुकिंग असतं, तिथं छापलेल्या बुकाची भानगडच नाही.

हां, आणि एकदा टोटल मारताना साठ रुपये जास्त निघाले होते. कुणाचे ते कळेना, स्थळप्रती तीनदा तपासल्या. मामा म्हणाले जास्तीचं भरायला लेखी खुलासा द्यावा लागतो. त्याची भजी आणली, आम्ही तिघांनी खाल्ली. दाजी म्हणतात त्यातलं तेवढं खरं आहे.