रोलर टाकू नका, आधी चाकं बघा

ट्रेडलवर (पायाने चालवायच्या जुन्या छपाई यंत्रावर) अक्षरांना शाईची किनार येतेय आणि खालच्या ओळी गडद, वरच्या फिकट, म्हणून शाईचा रोलर बदलू का असं तुम्ही विचारलंय. थांबा जरा, हे दोन वेगळे रोग आहेत.

किनार येते कारण रोलर खिळ्यावर (अक्षराच्या धातूच्या ठशावर) नुसता टेकायच्या ऐवजी दाबून जातोय. रोलरच्या दोन्ही टोकांना जी छोटी चाकं असतात ती बाजूच्या पट्ट्यांवरून चालतात आणि रोलर किती उंचीवर फिरणार ते तीच ठरवतात. चाक झिजून रोलरपेक्षा लहान झालं किंवा पट्टीच झिजली की रोलर खाली बसतो आणि खिळ्यावरून फिरायच्या ऐवजी घसटत जातो, मग शाई अक्षराच्या कडेला पुसली जाणारच. खिळ्याची उंची 0.918 इंच, तेवढ्याच उंचीचा गेज (मापाचा ठोकळा) शाई लावलेल्या रोलरखाली सरकवून बघा, त्यावर शाईचा दोन-तीन मिलिमीटरचा पट्टा उमटला पाहिजे आणि दोन्ही टोकांना सारखाच. जास्त रुंद आला तर पट्ट्यांवर चिकटपट्टीचा एकेक थर चढवत जा. आणि हो, पट्ट्यांवरचं तेल पुसा! तेलकट पट्टीवर चाक फिरतच नाही, नुसतं सरकतं.

आता खालच्या गडद ओळी. जॉर्ज गॉर्डन या अमेरिकन मुद्रकाने 1851 च्या पेटंटपासून ट्रेडलची जी रचना रुळवली त्यात फर्म्याचा बेड (जुळवलेले खिळे बसतात तो) आणि प्लॅटन (कागद धरून दाबणारा सपाट पत्रा) दोन्ही हलतात, पण मिटतात शेवटी शिंपल्यासारखेच, म्हणजे खालची बाजू आधी भेटते. दोन्ही समांतर व्हायला पाहिजेत ते ऐन दाबाच्या क्षणी आणि ते ठराविक जाडीच्या पॅकिंगलाच (प्लॅटनवरच्या कागदांच्या थराला) जमतं. तुम्ही वरच्या ओळी उठाव्यात म्हणून कागद वाढवत गेला असणार, तिथेच गणित फिसकटलं. उलट दोन-तीन कागद काढा आणि फिकट जागेपुरता टिंपनखाली (पॅकिंगवर ताणलेल्या वरच्या कागदाखाली) पातळ कागद चिकटवा.

प्लॅटनमागचे बोल्ट मात्र सगळं करून झाल्याशिवाय फिरवू नका. मी एकदा उत्साहात फिरवले होते, अख्खा रविवार चारही कोपरे परत सारखे करण्यात गेला. हायडलबर्गच्या विंडमिलमध्ये (स्वयंचलित प्लॅटन यंत्रात) दाब फारच वाढला तर आधी एक कडं तुटतं आणि मशीन वाचतं, आपल्या जुन्या ट्रेडलला तसली सोय नाही, तिथे थेट बिडाचं ओतकामच तडकतं.

गेजचा पट्टा किती आला त्याचा फोटो टाका, मग रोलरचं बघू.